घट हिरवा झाला ते वर्ष

माझ्या सासरी नवरात्रातला घट पिवळा यायचा आणि त्या पिवळेपणाचा आमच्या घराला जरा जास्तच अभिमान होता. शहापूरहून सापगावकडे जाणाऱ्या वाटेवर आमचं घर. मागे भाताची खाचरं, पुढे भात सडायची लहानशी गिरणी आणि मधोमध, चारी बाजूंनी खोल्यांनी वेढलेलं, एकही खिडकी नसलेलं देवघर. तिथल्या अंधारात, टोपलीतल्या मातीत पेरलेले गहू, भात आणि नाचणी दसऱ्यापर्यंत वीतभर उंच होत आणि हळदीसारखे पिवळे दिसत. दसऱ्याला ते तुरे घरातले पुरुष टोपीत खोवून गावभर हिंडत. एखाद्याच्या टोपीतला तुरा हिरवट दिसला की आमचे चुलतसासरे नुसतं "हं" म्हणत. त्या एका अक्षरात आमच्या घराण्याची सगळी श्रीमंती मावत असे. मावण्यात अडचण येण्याइतकी ती नव्हतीच.

मी या घरची थोरली सून, पण लग्नानंतर गिरगावात राहिलेली. युद्ध सुरू झालं, जपानी विमानं मुंबईवर येणार अशी आवई उठली आणि यजमानांनी मला शहापूरला आणून सोडलं. ते स्वतः नोकरीसाठी मुंबईतच राहिले. बॉम्ब पडलाच तर हापिसात हजर असावं असा त्यांचा विचार असावा. मी लग्नाआधी इंटर सायन्सपर्यंत शिकले होते. वनस्पतिशास्त्राची दोन पुस्तकं ट्रंकेत घालून आणली होती. "मुंबईची सून शिकलेली आहे," असं घरात सांगितलं जाई, पण ज्या सुरात गाय लाथ मारते म्हणून सांगतात, त्या सुरात.

घरात आणखी एक सून होती, धाकटी. माझ्या दिराशी त्याच वर्षी लग्न होऊन आलेली, मुरबाडकडच्या एका खेड्यातली. सतरा-अठराची असेल. मला ताई म्हणायची. घरात सगळ्यात नवी सून असेल तिने घट राखायचा, अशी आमच्याकडे रीत. म्हणजे तिने पेरायचा, रोज पाणी शिंपडायचं, रोज नवी माळ बांधायची, समईत तेल घालायचं आणि नऊ दिवस देवघराचं दार सांभाळायचं. घट चांगला आला तर घराण्याचं पुण्य. नाही आला तर सुनेचा हात.

सासरे वारले होते. घरचा कारभार चुलतसासऱ्यांकडे होता. आम्ही सुना त्यांना काका म्हणत असू. बंद गळ्याचा कोट, खिशात न चालणारं घड्याळ आणि जिभेवर लोकल बोर्डाच्या ओळखी. सरकार आपल्याला रावसाहेब करणार याची त्यांना खात्री होती. सरकारला मात्र अजून त्याचा पत्ता नव्हता. त्या वर्षी त्यांनी नव्या मामलेदारांना अष्टमीच्या प्रसादाला बोलावलं, आणि मामलेदार येतो म्हणाले. त्या दिवसापासून आमच्या घरात माणसं चालेनाशी झाली. सगळी धावू लागली.

काकांच्या मनात आलं, साहेबांनी घट पाहावा. पण देवघरात पायाखालचं दिसायची मारामार. घट तर जागचा हलवायचा नाही. तेव्हा त्यांनी गिरणीसाठी आणलेलं एक काचेचं कौल काढलं, गडी छपरावर चढवला आणि पाचव्या माळेच्या सकाळी देवघरावरचं एक कौल काढून तिथे काचेचं बसवलं. उन्हाचा एक चौकोन सरळ खाली आला आणि घटावर पडला. देवीचा मुखवटा लखलखला. पितळी कलश लखलखला. भिंतीवरच्या इतक्या वर्षांच्या काजळीकडे मात्र सासूबाई पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता ही भिंत सारवायची कुणी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून आले तेव्हा देवघराच्या उंबऱ्यात धाकटी बसली होती. हातात फुलांची माळ तशीच. घट हिरवा झाला होता. हिरवट नव्हे, चांगला खाचरासारखा हिरवा.

"ताई गो, मी काय बी नाय केलं," ती म्हणाली. "काल सांजेला जरा पोपटी दिसला, मला वाटलं डोल्यांना भास. आमी कुनाला काय सांगायचं?"

सांगायची गरज पडली नाही. काका अंघोळ करून सोवळ्यात आले, घट पाहिला आणि तिथेच उभे राहिले. मग त्यांनी सासूबाईंना बोलावून विचारलं की मुलीने विटाळ कालवला का. सासूबाईंनी धाकटीला आत नेऊन विचारलं आणि बाहेर येऊन सांगितलं की नाही. काका म्हणाले की मुली खोटं बोलतात. सासूबाई म्हणाल्या की मुलगेही बोलतात, पण त्यांना हे कुणी विचारत नाही. काकांनी ते ऐकलं नाही. त्यांचा निकाल झाला होता: साहेब यायच्या आत मुलीला माहेरी पोचती करायची, उद्याच, गाडी जोडायची, पुढचं पुढे.

पुढचं पुढे याचा अर्थ घरातल्या सगळ्या बायांना कळत होता. त्या भागात सून दोन प्रकारे माहेरी जाते. ओटी भरून, कपाळी कुंकू लावून, चार दिवसांसाठी. किंवा नुसती गाडीत बसून. दुसऱ्या प्रकारे गेलेल्या पोरीला आणायला पुष्कळदा कुणी जात नाही, आणि घट हिरवा करणारी म्हणून तिची ख्याती मात्र तिच्या आधी मुरबाडला पोचते. गाडी तीच, वाट तीच. फरक ओटीचा.

मी काकांकडे गेले. माझ्या अंगात दोन पुस्तकं होती आणि राग होता. मी म्हटलं, काका, हा उजेडाचा परिणाम आहे. रोपाच्या पेशीत अगदी बारीक कण असतात, ते अंधारात पिवळे राहतात आणि उजेड मिळाला की हिरवे होतात. काल काचेचं कौल बसलं, आज घट हिरवा झाला.

काकांनी मला शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या सभ्यतेचा तो कळस होता. मग म्हणाले, "सूनबाई, देवघरात नंदादीप अखंड आहे. उजेड तिथे पहिल्या दिवसापासूनच आहे. तेव्हा तुमचं कॉलेज इथे चुकलं."

मला उत्तर येत होतं. समईचा उजेड त्या कणांच्या लेखी नसल्यासारखाच. एवढ्याशा ज्योतीवर त्यांचं काम भागत नाही. पण बरोबर उत्तर येणं आणि ते कुणी ऐकून घेणं यांत जे अंतर असतं, ते कॉलेजात शिकवलं नव्हतं.

कोठीच्या खोलीत धाकटी आपल्या लुगड्याच्या घड्या घालत होती. मी तिच्याजवळ बसले. दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून तिला तीच गोष्ट सांगू लागले, जरा नीट.

म्हटलं, दाण्यात एक इवलं रोप निजलेलं असतं. त्याच्या पेशींत हे कण आधीपासून असतात, अगदी लहान, बिनरंगाचे. आमच्या पुस्तकात त्यांना प्लॅस्टिड म्हणत. आता मुलांच्या पुस्तकात लवकं म्हणतात. दाण्याला पाणी लागलं की रोप जागं होतं आणि हे कणही वाढायला लागतात, दोनाचे चार होतात. मुळात गेलेले पांढरेच राहतात. पानात गेलेले हिरवे व्हायचे असतात, पण उजेडाशिवाय तो शेवटचा हिरवा रंग त्यांना करता येत नाही. मग ते अर्ध्यावर येऊन थांबतात. पिवळे. सगळी मांडामांड करून.

"म्हंजे घटातले पिवले, ते थांबलेले?"

"थांबलेले. मेलेले नव्हेत, आजारी नव्हेत. उजेडाची वाट बघणारे."

"आनि तवर खातात काय?"

"दाण्यात आईने बांधून दिलेली शिदोरी असते ना, पीठ. तांदळाचा पांढरेपणा तोच. तेही अशाच कणांनी साठवलेलं. ते संपायच्या आत उजेड मिळाला तर रोप जगतं. नाही मिळाला तर पिवळ्याचं पांढरं होतं आणि मान टाकतं."

ती घडी हातात धरून बसली. मग म्हणाली, "मग आपन दसऱ्याला टोपीत घालतो ते उपाशी?"

मला हसू आलं. इतकी वर्षं मिरवलेल्या त्या पिवळ्या श्रीमंतीचं याहून नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं.

पुष्कळ वर्षांनी, नव्या सूक्ष्मदर्शकांमुळे काय काय दिसलं त्याबद्दल वाचताना मला ही दुपार आठवली. अंधारात वाढलेल्या कणाच्या पोटात एक जाळी विणून तयार असते, अगदी रेखीव, स्फटिकासारखी. उजेडाचा पहिला स्पर्श होताच ती उसवते आणि तिच्याच सामानातून चकत्यांच्या चळती रचल्या जातात, तव्यावरून उतरलेल्या भाकऱ्यांसारख्या. आम्ही दोघी कोठीत बसलो होतो तेव्हा भिंतीपलीकडे हे सगळं होऊन चुकलं होतं आणि त्याची शिक्षा एका मुलीला मिळत होती.

"हे काकांना डोळ्यांनी दाखवता आलं असतं," मी म्हणाले, "पण दुसरा पिवळा घट कुठून आणू?"

तिने दाराकडे पाहिलं. मग कणगीमागे वाकून एक उपडी टोपली उचलली. खाली दोन करवंट्या. दोन्हींत बोटभर पिवळे कोंब.

"माझ्या आयेनं सांगितलं व्हतं," ती कुजबुजली. "पहिलं वरीस हाय, एक राखनीचा लावून ठेव. घट नाय रुजला तर हलूच बदलायचा. ताई, कुनाला सांगू नको गो. देवीवर इस्वास नाय म्हनतील."

दारात सासूबाई उभ्या होत्या. किती वेळ ते ठाऊक नाही. धाकटीचा चेहरा करवंटीतल्या कोंबांहून पिवळा पडला.

सासूबाई आत आल्या, खाली बसल्या, करवंटी हातात घेऊन पाहिली. "दोनच?" त्या म्हणाल्या. "मी पहिल्या वर्षी तीन लावलेल्या. एक उंदरानं खाल्ली." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गो, तुझं ते उजेडाचं. हे उन्हात ठेवलं तर हिरवं व्हईल? खरं सांग. नाय झालं तर हिच्याबरोबर माझंही हसं."

मी म्हटलं होईल. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्या घरच्या करवंटीत घडेलच अशी खात्री फक्त परीक्षेत असते.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं, आणि गाडी सकाळी जोडायची होती. संध्याकाळी माझे दीर, म्हणजे धाकटीचा नवरा, गोठ्यातून आले. हा माणूस काकांसमोर वर्षाला चारेक वाक्यं बोलत असे. त्यांतलं एक त्यांनी त्या दिवशी खर्च केलं.

"एका बैलाच्या खुरात काटा गेलाय. उद्या गाडी निघायची नाय."

"कुठल्या खुरात?" काकांनी विचारलं.

दिरांनी जरा विचार केला. "मागच्या," ते म्हणाले आणि परत गोठ्यात गेले.

सकाळी सासूबाईंनी स्वतःच्या हाताने एक करवंटी उचलली आणि परसात, लिंबाच्या विरळ सावलीत, घडवंचीवर ठेवली. दुसरी टोपलीखालीच राहिली. "धाकटी, तू शिवू नको. थोरले, तू पण नको," असं बजावून त्या समोर सूप घेऊन तांदूळ निवडायला बसल्या. मी स्वैपाकघरातून चार-चारदा बाहेर डोकावत होते. पहिल्या प्रहरात काहीच झालं नाही. धाकटी चुलीपुढे बसून फुंकत होती. चूल चांगली पेटलेली होती.

"झालं काय?" ती विचारी.

"अजून नाही."

"थांबलेत काय ते?"

"थांबलेत. नव्या जागी जरा वेळ लागतो."

पानं वाढायच्या सुमारास सासूबाईंनी हाक मारली. कोंबांच्या टोकांवर पोपटी झाक आली होती. जेवणं उरकली, भांडी घासून झाली, तोवर झाक खाली उतरली. दिवेलागणीच्या आत सगळे कोंब हिरवे. सासूबाईंनी टोपली उचलून दुसरी करवंटी आणली, दोन्ही शेजारी ठेवल्या. एक सोन्यासारखी, एक शेतासारखी. एकाच मुठीतले दाणे. त्या हिरव्या कोंबांवरून हात फिरवून म्हणाल्या, "भूक लागली होती बिचाऱ्यांना."

दोन्ही करवंट्या घेऊन त्या ओटीवर गेल्या. काका उद्याच्या स्वागताचं भाषण पाठ करत होते. मी दाराआड उभी राहिले. धाकटी माझ्यामागे, माझा पदर धरून.

"भाऊजी, बैलाचा काटा निघाला का?"

"निघेल. का?"

"गाडीत दोन माणसांची जागा करा. मलाबी माहेरी पोचवायचं आहे."

"वहिनी, काय बोलता!"

"ही बघा. पोरीनं शिवली नाय. सकाळी पिवळी होती, मी माझ्या हातानं उजेडात ठेवली, हिरवी झाली. म्हंजे विटाळ माझा. साठी जवळ आली तरी विटाळ, नवलच. माझा भाऊ वारला, भावजय मला ओळखायची नाय, तरी जाते. उद्या साहेबांना वाढायला तुमीच असा."

काकांनी दोन्ही करवंट्यांकडे पाहिलं. मग नकळत त्यांची नजर वर गेली, आतल्या छपराच्या दिशेने. तेवढ्यावर त्यांना सगळं समजलं असं मला अजून वाटतं. ते मूर्ख नव्हते. त्यांना फक्त मोठं दिसायची सवय होती आणि मोठ्या माणसाला चुकीचं कौल बसवता येत नाही.

"राहू द्या," ते म्हणाले. "गाडी राहू द्या."

अष्टमीला मामलेदार आले. बारीक, दमलेला माणूस. बूट काढायला त्यांना त्रास होत होता. काकांनी त्यांना देवघरापाशी नेलं आणि गंभीर आवाजात सांगितलं, "पिवळा घट काय, साहेब, घरोघरी येतो. हिरवा येणं ही विशेष कृपा. आमच्याकडे यंदा आली." साहेब "अस्सं" म्हणाले आणि चहा मिळेल का असं विचारलं. पुढच्या वर्षी गावातल्या दोन-तीन घरांत देवघराची दारं नवरात्रभर उघडी ठेवली होती म्हणून ऐकलं. माझ्या शास्त्रापेक्षा काकांचं शास्त्र लवकर पसरलं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या घरांतल्या सुनांचा तरी त्यात तोटा नव्हता.

दसरा झाला आणि धाकटी सासूबाईंना म्हणाली, "मी चार दिस माहेरी जाऊ काय?"

मला आश्चर्य वाटलं. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "अगं, जाऊ नये म्हणून एवढं रामायण, आणि आता तूच निघालीस?"

"तवा तुमी धाडत व्हता," ती म्हणाली. "आता मी जातेय."

सासूबाईंनी तिची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण, वर हळकुंड. सोबत म्हणून मला पाठवलं. बैल ठणठणीत होता. दिरांनी चारही खुरं धुऊन पुसून ठेवली होती आणि गाडीही स्वतःच हाकायला बसले. वाटेतलं किन्हवली गाव मागे पडलं. दोन्ही बाजूंना भातं लोंबीवर आलेली. हिरवं आता उलटं पिवळं होत होतं, आणि ते पिवळं पोटभर जेवलेल्यांचं होतं.

धाकटी बराच वेळ शेतांकडे पाहत होती. मग म्हणाली, "ताई, ते बारीक कन दान्यात आले कुठून? तू सांगितलंच नाय."

"आईकडून. फुलात दाणा धरतो तेव्हा बापाकडून पराग येतो, पण हे कण बहुतेक आईकडचेच. आमच्या सरांनी एकाच झाडावर पांढऱ्या आणि हिरव्या फांद्या येणाऱ्या गुलबक्षीवरून सांगितलं होतं. ज्या फांदीचं बी, तिच्यावर रोपाची पानं पांढरी का हिरवी ते ठरतं. पराग कुणाचा का असेना."

"बापाचं काय नाय?"

"हिरवेपणात नाही."

तिने गाडी हाकणाऱ्या नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं आणि तोंडावर पदर घेतला. "आयकलं काय हो? तुमचं काय नाय म्हनते ताई."

"भाताला पानी आमीच लावतो," दीर मागे न बघता म्हणाले. त्या वर्षातलं हे आणखी एक वाक्य.

मुरबाडच्या अलीकडे तिचं गाव. गाडी गावात शिरली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिचं घर शेवटचं, कुडाचं, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. आमच्या आधी बातमी पोचली होती, ती कशी पोचते हे कुणाला कधी कळत नाही. पण पोचली होती ती जुनी, हिरव्या घटाची. कारण तिची आई दारातच उभी होती आणि पुढे येत नव्हती. हातातली केरसुणी खाली टाकायचंही तिला सुचलं नव्हतं. शेजारच्या दोन बाया कुडाला टेकून गाडीकडे बघत होत्या.

दिरांनी बैल थांबवले. धाकटी उतरली. तिच्या आईने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही, जावयाकडेही नाही. तिची नजर सरळ पदराच्या ओच्यावर गेली. तिथे नारळाचा गोल फुगवटा दिसत होता. धाकटीने ते ओळखलं आणि पदर जरा सारला, खण दिसेल इतका. मग हळकुंड दिसेल इतका.

आई तरी जागची हलली नाही. केरसुणी मात्र तिच्या हातातून आपोआप पडली.

"किती दिस?" तिने विचारलं.

"चार," दीर गाडीवरून म्हणाले. "पाचव्या दिशी न्यायला मीच येनार."

"येवढ्या लवकर कशाला न्यायची," ती म्हणाली, आणि मग पुढे होऊन तिने आपल्या मुलीचं तोंड दोन्ही हातांत धरलं.